परतीची रिकामी गाडी

सुट्टीत कुठे जायचं, हे आमच्या घरी गाडीच्या वासावरून ठरायचं.

बोईसर स्टेशनातून बाहेर पडून तारापूरच्या रस्त्याला लागलं, की थोड्या अंतरावर माझी खानावळ होती. कुडाच्या भिंती, वर पत्रे, आत शेणानं सारवलेली जमीन आणि मागच्या बाजूला आमचं बिऱ्हाड. साठच्या दशकाची ती शेवटची वर्षं. तारापूरकडे समुद्रकाठी मोठं बांधकाम चाललं होतं आणि कुठकुठल्या मुलखातली माणसं तिथे येऊन पडली होती. कुणी लोखंड वाकवणारी, कुणी खड्डे खणणारी, कुणी टोपी घालून कागद बघणारी. दुपारी भूक मात्र सगळ्यांना सारखीच लागायची. मी एका चुलीवर सुरुवात केली आणि कुणाच्या दारात न जाता धंदा वाढवला. मला कुणी काही दिलं नाही, हे मी तेव्हाही सांगायचे, आजही सांगते.

नवरा प्राथमिक शाळेत शिक्षक. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे, म्हणून मीही मास्तरच म्हणायचे. थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा त्यांच्याच शाळेत. त्यामुळे दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात घरातल्या तिघांना सुट्टी लागायची, माझ्या चुलीला तेवढी लागायची नाही. ती मला भांडून मिळवावी लागे.

“मौसी, आप चली जाओगी तो हम क्या पत्थर खाएँगे?” एक वेल्डर दर वेळी विचारायचा.

“खाओ. इधर पत्थर फुकट है,” मी म्हणायचे आणि दाराला कडी घालायचे.

तर वासाची गोष्ट. खानावळीला माल लागायचा आणि तो गाड्यांमधून यायचा. तांदूळ मनोरकडून, सुकी मासळी तारापूर-चिंचणीच्या बाजूनं, सरपण डोंगरातून. भरलेली गाडी दारात रिकामी व्हायची आणि रिकामीच परत जायची. एकदा त्या रिकाम्या गाडीकडे बघता बघता मला वाटलं, बैल चालणारच आहेत, चाकं फिरणारच आहेत, मग वर आम्ही का नसावं? तेव्हापासून सुट्टीच्या आदल्या दिवशी जी गाडी माल घेऊन येईल, तिच्या गावाला आम्ही जायचो. मुलं डोळे मिटून गाडीच्या फळ्यांना नाक लावायची. तुसाचा आणि ओलसर गोणपाटाचा वास आला की मनोर. बोंबलाचा आला की समुद्र. सालीचा, डिंकाचा आला की डोंगराच्या पायथ्याचं एखादं खेडं, ज्याचं नाव आम्हाला तिथे पोचल्यावर कळायचं.

“आई, मनोर!” धाकटा ओरडायचा.

“हळू बोल,” मी दटावायचे. “गाडीवाल्याला कळता कामा नये आपल्याला जायचंय ते.”

कारण भाव अजून व्हायचा असायचा. भाव करताना पहिला शब्द मी कधी काढला नाही. गाडीवाल्याला चहा द्यायचा, बैलांना पाणी दाखवायचं, त्याच्या पोराबाळांची चौकशी करायची आणि गप्प बसायचं. माणसाला शांतता फार वेळ सोसत नाही. शेवटी तोच म्हणायचा, “मंग काय बाय, गाडी खालीच जाते. येता का कोन?” तो हे म्हणाला की मी जिंकलेली असायचे. मास्तर ओटीवर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून हसायचे. ते मला कळायचं, कारण कागद हलायचा.

मनोरच्या त्या फेऱ्या आता मला स्वप्नासारख्या आठवतात. उजाडायच्या आधी निघायचं. गाडीत पेंढा, पेंढ्यावर घोंगडी, घोंगडीवर मुलं आणि मुलांच्या मध्ये दशम्यांचं गाठोडं. रस्ता इतका सावकाश मागे जायचा, की एकच पळस बराच वेळ सोबत चालतोय असं वाटायचं. घुंगरांचा आवाज आधी कानात, मग पोटात, मग कुठेच नाही. मध्येच जाग यायची तेव्हा ऊन आलेलं असायचं, आणि मला क्षणभर कळायचं नाही की मी कोण, कुणाची आई, कुणाची पुतणी. तांदूळवाल्याच्या पडवीत आमचा मुक्काम. सकाळी नदीवर, दुपारी बाजारात, आणि संध्याकाळी अहमदाबादच्या हमरस्त्याच्या कडेला बसून जाणारे ट्रक बघायचे. ट्रकात काय असेल ते ओळखायचं. धाकट्याच्या मते प्रत्येक ट्रकात साखर असायची.

एका नाताळात तर आम्ही उमरोळीला गेलो. बोईसरच्या अगदी पुढचं स्टेशन. सरपणाची गाडी तिकडची होती, त्याला मी काय करणार?

“उमरोळी?” थोरलीला रडू यायचंच बाकी होतं. “आई, शाळेतल्या मुली हसतील. उमरोळीला कुणी सुट्टीत जातं का?”

“म्हणून तर गर्दी नसेल,” मास्तर म्हणाले.

खरंच नव्हती. तळ्याच्या काठी एका आंब्याखाली आम्ही दिवस काढले. पाण्यात कमळाची पानं, पानांवर बगळे, आणि पलीकडून आगगाड्या. त्या गाड्यांतून कुठकुठे निघालेली माणसं खिडकीतून आमच्याकडे बघायची. थोरली त्यांना हात करायची आणि ती माणसं परत हात करायची. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “आई, त्यांना वाटत असेल आपण इथलेच आहोत.” तिला ते फार आवडलेलं दिसलं.

असं सगळीकडे गेलो. फक्त एडवणला कधी गेलो नाही.

एडवणचा एक नारळवाला माझ्याकडे यायचा. त्याची बैलगाडी सफाळे स्टेशनवर उभी असायची, तिथून तो पॅसेंजरनं नारळ आणि केळी घेऊन बोईसरला उतरायचा. माल दिल्यावर रिकामे हारे एकात एक घालून बसायचा. त्या हाऱ्यांना नारळाच्या सोडणांचा गोडसर, ओला वास. मुलं त्यात डोकी घालून बसायची.

“बाय, या बारीला आमच्याकं चला,” तो म्हणायचा. “सफाळ्याला गाडी हाय. तुमची काकू इचारते सारखी. सांगते, पोरांना घेऊन ये म्हनावं.”

“काकूला सांग, मला वेळ नाही.”

“वेळ नाय? मनोरला जायाला हाय, उमरोळीला जायाला हाय, नि एडवणला नाय?”

“तू नारळ मोज.”

“मोजले.”

“मग परत मोज.”

मास्तर वर्तमानपत्र खाली ठेवायचे, माझ्याकडे बघायचे. त्यांना ठाऊक होतं. मुलांना नव्हतं.

माझे आईवडील मी अगदी लहान असताना गेले आणि मी पालघरला काकांकडे वाढले. काका कचेरीत कारकून. काकूचं माहेर एडवणचं. मे महिना लागला की काकू आपल्या मुलांना घेऊन माहेरी जायची. टांगा दाराशी यायचा, ट्रंक चढायची, सुरया चढायच्या, मुलं चढायची. मी अंगणात उभी असायचे, पापडांपाशी. काकांना कचेरीची सुट्टी नसायची, तेव्हा त्यांचं जेवणखाण मी बघायचं. आणि तेच दिवस वाळवणाचे. पापड, कुरडया, चिंच, आमसुलं. सगळं अंगणात पसरलेलं आणि कुंपणावर कावळे. काठी घेऊन कुणीतरी बसायला हवं. ते कुणीतरी म्हणजे मी, हे इतकं ठरून गेलेलं होतं की कुणी ते कधी बोलून दाखवलं नाही. मला वाईट त्याचंच वाटायचं. “तू थांब,” असं म्हणाले असते तरी मी भांडले असते. भांडायला काहीतरी शब्द हवा ना! त्यांनी मला थांबही म्हटलं नाही आणि चलही म्हटलं नाही. टांगा वळणावर दिसेनासा व्हायचा आणि मी पापड उलटायला घ्यायचे.

मला एकच शब्द हवा होता. चल.

परत आली की भावंडं वर्षभर एडवणच्या गोष्टी सांगायची. वाडीतली विहीर, तिच्या काठावरून कोण कसं घसरलं. टेकडीवरचं देवीचं देऊळ. माजघरातली ओळीनं घातलेली अंथरुणं आणि रात्री ऐकू येणारा समुद्र. मला ते इतकं पाठ झालं, की पुढच्या मे महिन्यात अंगणात काठी घेऊन बसले की मी डोळे अर्धवट मिटायचे आणि एडवणला जाऊन यायचे. माझ्या एडवणचा समुद्र माडांच्या मागे निळ्या भिंतीसारखा उभा असायचा. तो सपाट असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पापडांच्या उन्हाळी वासातून तिकडे जायला मला वेळ लागायचा नाही, कावळ्याच्या आवाजानं परत यायलाही नाही.

मोठी झाले, लग्न झालं, खानावळ उभी राहिली. काका वारले तेव्हा काकू माहेरी आपल्या भावाच्या घरी जाऊन राहिली. तिची मुलं दूरच्या शहरांत. आता तिला माझी आठवण होत होती. मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आधी तिनं बोलायचं. “तुला कधी नेलं नाही गं,” एवढं तिनं तिच्या तोंडानं म्हणायचं. मग मी जाईन. भाव करण्याचा माझा नियम मी माणसांनाही लावला, आणि वाट बघत राहिले.

मग एका मे महिन्यात सगळंच फिसकटलं. मनोरच्या गाडीचा आस मोडला. मासळीवालीच्या घरी लग्न निघालं. सरपण आधीच भरून ठेवलेलं. सुट्टीच्या आदल्या दिवशी दारात आला तो एकटा नारळवाला. मुलं हाऱ्यात तोंड घालून बसली आणि थोरली आतूनच म्हणाली, “आई, एडवण.”

“नाही.”

“का पण? दर वेळी का नाही? त्या आजी बोलावतात ना?”

“त्या तुझ्या आजी नाहीत.”

“मग कोण आहेत?”

मास्तर ओटीवरून म्हणाले, “अगं, समुद्र काही काकूच्या मालकीचा नाही. समुद्र बघू आणि येऊ.”

मी चिडून नारळवाल्याकडे वळले. म्हटलं, ह्याला असा भाव सांगावा की हाच नाही म्हणेल. माझा नियम मोडून पहिला शब्द मीच काढला. सफाळ्यापासून गाडी, जाऊन-येऊन, आणि बदल्यात पुढच्या वेळी मी त्याचा माल किरकिर न करता घेईन. बस्स. दुसरा कुणी असता तर हारे उचलून चालता झाला असता.

“बरं,” तो म्हणाला.

“बरं म्हणजे?”

“बरं म्हंजे बरं. सकाळच्या पॅसेंजरनं या. गाडी हाय.”

मला असा राग आला! त्यानं घासाघीस केलीच नव्हती. ज्या सौद्यात समोरचा भांडत नाही तिथे काहीतरी पाणी मुरतं, हे मला कळत होतं. पण मुलं तोवर नाचायला लागली होती.

सफाळ्याहून एडवणचा रस्ता मला नीट आठवत नाही, आणि तरी तोच सगळ्यात जास्त आठवतो. आधी ऊन होतं, मग डोंगराची सावली, मग एकदम माड. माडांच्या झावळ्यांमधून ऊन गाडीत पडायचं, मुलांच्या अंगावरून फिरायचं आणि मागे जायचं. मिठाचा वास आला. मी मनात वाक्यं जुळवत होते. पहिलं वाक्य, त्यावर ती काय म्हणेल, मग माझं दुसरं. इतकी वर्षं मी ती वाक्यं घासूनपुसून ठेवली होती. पण चाकांच्या त्या लयीत ती सारखी निसटत होती, आणि त्यांच्या जागी विहीर यायची, देऊळ यायचं, निळी भिंत यायची. प्रत्येक वळणावर पुढचं वळण मला ठाऊक आहे असं वाटे. ते तसं निघायचं नाही, आणि मला ते गाव चुकल्यासारखं वाटायचं.

काकू ओटीवर उभी होती. केवढीशी झाली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं.

“आलीस गो?”

“आले,” मी म्हटलं. पुढचं वाक्य तयार होतं. तेवढ्यात तिनं मुलांना जवळ ओढलं.

“या गो, या रे. ही बघा विहीर. ह्या काठावरून तुमची आई धपकन पडली होती. केवढं रडली होती! गुडघ्यावर खूण असेल बघा अजून.”

मुलांनी माझ्याकडे बघितलं. धाकटा सरळ खाली बसला आणि माझ्या लुगड्याचा काठ वर करून गुडघा बघायला लागला. खूण होती. पालघरच्या कुंपणावर कावळ्यामागे चढले होते तेव्हाची.

“आहे!” तो ओरडला. “ताई, आहे खूण!”

“आई, तू सांगितलं नाहीस कधी!” थोरली म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता, जणू तिला इतक्या वर्षांनी आपली आई सापडली होती.

काकू पुढे चालतच होती. हे माजघर, इथे सगळ्यांची अंथरुणं, ही भिंतीकडची तुमच्या आईची जागा, तिला दाराकडे भीती वाटायची. हा फणस, ह्याच्यावर ती चढून बसायची आणि हाका मारल्या तरी उतरायची नाही. भावंडांच्या गोष्टींत जे जे होतं ते सगळं तिनं माझ्या अंगावर घातलं, जुने कपडे घालावेत तसं, आणि ते मला बेतशीर बसत होतं. मला तर ते सगळं पाठच होतं.

मागच्या दारी मी मास्तरांना गाठलं. “ऐकलंत? मी ह्या घरात आज पहिल्यांदा पाय ठेवला.”

“ठाऊक आहे.”

“ही विसरलीय की सोंग करतेय?”

“तू कशाला विचारतेस? माणसं ओळखणं तुझा धंदा आहे.”

“मुलांना सांगून टाकते.”

“सांग,” ते म्हणाले. “फक्त फणसावरून धाकट्याला आधी खाली उतरू दे.”

तो खरंच वर चढून बसला होता. आईच्या फांदीवर.

दुपारी जेवणं झाल्यावर मुलं पेंगली. काकू विळीवर बसून नारळ खवत होती. मी तिच्यासमोर बसले. गप्प बसून बघितलं, पण तिला शांतता सोसत होती. मी काय, तिनं माझ्यासारख्या कितीजणी बघितल्या असतील. शेवटी मलाच बोलावं लागलं.

“काकू, मी इथे यायचे म्हणता ना, तेव्हा पालघरला काकांच्या जेवणाचं कोण बघायचं?”

तिचा हात थांबला. वाटी विळीवर तशीच टेकलेली. बाहेर माडाची झावळी पडल्याचा आवाज आला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. खवलेल्या खोबऱ्याकडे बघत राहिली, आणि ते शुभ्र ढिगासारखं तिच्यासमोर पडून होतं. मला वाटलं, आता. आता ती म्हणेल.

“खोबरं जरा जास्तच झालं,” ती म्हणाली आणि परत खवायला लागली.

मी उठले. आपलं गाठोडं बांधून त्याच गाडीनं परत जावं असं वाटलं. पण गाडी जायची होती ती तिच्या वेळेला, आणि मुलं झोपेत हसत होती.

उन्हं कलली तेव्हा सगळे समुद्रावर निघाले. मास्तर, मुलं, घरातली इतर माणसं, एकामागून एक वाडीतून पलीकडे गेली. काकूच्या भावजयीनं अंगणात पापड घातले होते. मला आत्तापर्यंत ते दिसले कसे नाहीत कोण जाणे. ओळीनं मांडलेले, जुन्या धोतरावर, कडांना किंचित वळलेले. कुंपणावर दोन कावळे येऊन बसले. मी पायरीवर बसले. शेजारी काठी होती, ती माझ्या हातात कधी आली मला कळलं नाही. “तुम्ही व्हा पुढे,” असं मुलांना सांगितल्याचं आठवतं. आवाज लांब जात गेले. मग फक्त पापडांचा तो वास, ऊन, आणि कावळ्याचं वाकडी मान करून बघणं. डोळे अर्धवट मिटले. माडांच्या मागे निळी भिंत उभी राहिली. खऱ्या एडवणात बसून मी माझ्या एडवणला निघाले होते.

“ए.”

मी डोळे उघडले. काकू वाडीच्या तोंडाशी उभी होती. सगळ्यांबरोबर गेलेली, ती परत आली होती. धाप लागली होती तिला. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या काठीकडे बघितलं, पापडांकडे बघितलं. किती वेळ ती तशी उभी राहिली! तिचा खालचा ओठ आत गेला होता.

“पापड आहेत,” मी म्हटलं. “कावळे बसलेत.”

“बसू दे.”

“नेतील ना.”

“नेतील तर नेतील,” ती म्हणाली. पुढे येऊन तिनं माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि कुंपणाशी टाकली. “चल.”

मी उठले. पायांना मुंग्या आल्या होत्या. तिनं माझा दंड धरला. तिला आधार हवा होता की मला उठवायचं होतं, ते मी ठरवू शकले नाही. वाडीतून चालताना पाठीमागे पंखांचा फडफडाट झाला. माझी मान वळत होती, ती काकूनं वळू दिली नाही. दंडावरची तिची बोटं जरा घट्ट झाली, एवढंच.

समुद्र भिंतीसारखा नव्हता. ओहोटी होती. पाणी लांब, पार लांब, एक चकाकती रेघ, आणि अलीकडे ओली करडी वाळू पसरलेली, तिच्यात आभाळ उतरलेलं. मुलं त्या आभाळावरून धावत होती. निळं काहीच नव्हतं. मी इतकी वर्षं चुकीच्या समुद्राकडे बघत होते, आणि तरी पाय वाळूत गेले तेव्हा वाटलं, इथे मी येऊन गेलेली आहे.

“आई, तू कुठे पोहायचीस?” धाकट्यानं लांबून विचारलं.

काकू माझ्याकडे बघत होती. ह्या वेळी ती गप्प होती आणि वाट बघत होती. पहिला शब्द माझ्यावर आला होता.

“तिकडे,” मी हात केला. “खडक आहेत ना, त्यांच्या अलीकडे.”

परत आलो तेव्हा कावळ्यांनी आपलं काम केलेलं होतं. एक अख्खी ओळ गेली होती आणि दुसरीचे तुकडे अंगणभर झाले होते. भावजय बघताच ओरडली. काकू म्हणाली, “गेले असतील चार-दोन.”

“चार-दोन?” मी म्हटलं. “सगळी ओळ गेली!”

“मग तू का नाही राखलेस?”

“तुम्हीच म्हणालात चल!”

“मी म्हटलं आणि तू आलीस होय? एरवी कुणाचं ऐकतेस तर शपथ!”

आम्ही दिवे लागेपर्यंत भांडलो. मास्तर ओटीवर बसले होते, तोंडासमोर धरायला वर्तमानपत्र नव्हतं, त्यामुळे उघडउघड हसत होते.

परतीच्या वाटेवर मी नारळवाल्याला खडसावून विचारलं, तेव्हा त्यानं कबूल केलं. “काकू बोलली व्हती, बाय म्हनेल तो भाव घे, वाद नको घालू, उरलेले पैसे मी देते.” म्हणजे सौदा आधीच झालेला होता, माझ्या पाठीमागे. त्यानंतरच्या सुट्टीपासून मात्र त्यानं पुरता भाव लावायला सुरुवात केली आणि मी त्याच्याशी पुरतं भांडायला.

ती विसरली होती की नाही, हे मी तिला परत विचारलं नाही. “तुला नेलं नाही” असं ती कधीच म्हणाली नाही, आणि ती गेली तेव्हा ते बोलणं राहून गेलं. ते राहिलंय, हे मी इथे लिहून ठेवते. मी विसरलेले नाही. थोरली आपल्या मुलांना विहिरीची गोष्ट सांगते, मी ऐकते, दुरुस्त करत नाही. कधी कधी दुपारी डोळे अर्धवट मिटले की मला तो काठ दिसतो, शेवाळ दिसतं, पाय घसरतो आणि गुडघा झोंबतो. पालघरचं कुंपण त्यामागे कुठेतरी असतं, फिकट.

पापड मात्र मी आजही उन्हात टाकून उठत नाही. कुणी “चल” म्हटलं, तरच.